निशी-कसाईत यूआरचं घर: कागद आधी, खोली नंतर

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, म्हणजे निशी-कसाई, कसाई, फुनाबोरी या पट्ट्यात घर शोधणारी आपली माणसं बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. आधी खोली बघतात, ती आवडते, मग कागद जमवायला धावतात. कागद हातात येईपर्यंत खोली दुसऱ्याची झालेली असते. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची अशी दोनदा खोली गेली. दोन्ही वेळा कारण एकच होतं, एका दाखल्यावर एक ओळ छापलेली नव्हती.

सरकारी किंवा निमसरकारी भाड्याच्या घरांत क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी दार ओळखा (म्हणजे कोणत्या प्रकारच्या घरासाठी अर्ज करायचा ते), मग उत्पन्नाचा आकडा काढा, मग कागद, आणि खोली त्यानंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

## टप्पा 1: तुमचं दार कोणतं ते ठरवा

'सरकारी घर' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. तिघांच्या अटी वेगळ्या आहेत, काही तर अगदी उलट.

तोएई जूताकु म्हणजे तोक्यो महानगर सरकारची घरं. ही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहेत आणि इथे उत्पन्नाला वरची मर्यादा असते. भाडं तुमच्या उत्पन्नावर आणि घराच्या जागेवर, आकारावर, वयावर ठरतं, त्यामुळे तिन्हींत सहसा हेच सगळ्यात स्वस्त. पण घर बहुतेक वेळा सोडतीने मिळतं. मुख्य अर्ज वर्षातून चारदा निघतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. मे आणि नोव्हेंबरमध्ये कुटुंबांसाठी सोडत असते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये एकल पालक, वृद्ध, अपंग, जास्त मुलं असलेली कुटुंबं यांची निवड गरजेच्या गुणांवर होते. तरुण एकट्या माणसाला साधारणपणे हे दार बंद आहे. एकट्याने अर्ज करायचा तर 60 वर्षं पूर्ण असणं किंवा अपंगत्वासारखं कारण लागतं, शिवाय तोक्योत सलग 3 वर्षं राहिलेलं असावं लागतं.

कोशा जूताकु ही तोक्यो महानगराच्या गृहपुरवठा महामंडळाची घरं. या संस्थेला सगळे जेकेके म्हणतात. तोएईच्या अर्जांचं कामही हीच संस्था बघते, त्यामुळे गोंधळ होतो. कोशाची घरं मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी असतात आणि रिकामी झाली की क्रमाने दिली जातात.

यूआर (अर्बन रेनेसाँस एजन्सी) ही भाड्याने घरं देणारी देशपातळीवरची निमसरकारी संस्था आहे. तिच्याकडे जपानभर सुमारे 7 लाख घरं आहेत. निशी-कसाई स्टेशनजवळची कोजिमाचो 2-चोमे वसाहत, सेइशिनचोच्या वसाहती, आणि शेजारच्या कोतो वॉर्डातली ओजिमा 6-चोमे वसाहत, जिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्या यूआरच्या. इथे उत्पन्नाला वरची मर्यादा नाही, खालची आहे. रेईकिन (घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम) नाही, दलाली नाही, कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत, हमीदार लागत नाही. जपानमध्ये नुकत्याच आलेल्या माणसाला हमीदार शोधणं किती जड जातं हे ज्याने अनुभवलंय त्याला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटेल.

यूआरचं भाडं मात्र बाजारभावाच्या आसपासच असतं. बचत होते ती सुरुवातीच्या खर्चात आणि दर दोन वर्षांनी वाचणाऱ्या नूतनीकरणाच्या पैशांत. 'सरकारी म्हणजे निम्म्या भाड्यात' या आशेने गेलात तर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल.

> तपासा: पगारदार असाल, मध्यम किंवा बरं उत्पन्न असेल, घर महिन्या-दोन महिन्यांत हवं असेल, तर यूआर किंवा कोशा. उत्पन्न कमी असेल, आधीपासून तोक्योत राहत असाल आणि थांबायची तयारी असेल, तर तोएई.

## टप्पा 2: उत्पन्नाचा खरा आकडा काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

वर्षाच्या शेवटी कंपनी जो गेन्सेन-चोशूह्यो देते, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म 16 सारखा छोटा कागद, त्यावर वरच्या रांगेत दोन मोठे आकडे शेजारी-शेजारी असतात. पहिला आकडा वर्षभरात दिलेल्या एकूण पगाराचा, बोनस धरून. दुसरा, नोकरदाराची ठरावीक वजावट काढून उरलेला.

यूआर बघतं पहिला आकडा, भागिले 12. तोएई बघतं दुसरा. लोक नेमकं उलट करतात. कोणी हातात येणारा पगार यूआरला सांगतो आणि आपण बसत नाही असं समजून घरी परततो. कोणी एकूण पगार तोएईच्या तक्त्याशी ताडून बघतो आणि अर्जच करत नाही.

यूआरची कुटुंबासाठीची अट अशी:

- भाडं 82,500 येनपेक्षा कमी: सरासरी मासिक उत्पन्न भाड्याच्या 4 पट
- भाडं 82,500 ते 2 लाख येनच्या आत: 3 लाख 30 हजार येन
- भाडं 2 लाख किंवा जास्त: 4 लाख येन

एकट्या माणसासाठी पहिली पायरी 62,500 येनवर बदलते आणि त्यापुढे 2 लाखांच्या आतल्या भाड्याला 2 लाख 50 हजार येन मासिक उत्पन्न पुरतं.

म्हणजे 1 लाख 10 हजार येन भाड्याचं घर हवं असलेल्या कुटुंबाचं वर्षाचं एकूण उत्पन्न 39 लाख 60 हजार येन लागतं. त्याच कुटुंबाला 75 हजार येनचं घर चालणार असेल तर 36 लाख पुरतात.

आता तोएई. तीन जणांच्या कुटुंबाला सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 26 लाख 56 हजार येन, तीही वजावटीनंतरच्या आकड्यावर. उलटा हिशेब केला तर एकट्या कमावत्या माणसाच्या एकूण पगारात ती 40 लाखांच्या थोडी खाली येते. दोन जणांना 22 लाख 76 हजार, चौघांना 30 लाख 36 हजार. अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांसारख्या काही घरांना ही मर्यादा सैल असते.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले की लक्षात येतं की तिघांचं कुटुंब आणि 38 लाख पगार असेल तर तोएईचं दार उघडं आहे, पण यूआरचं 1 लाख 10 हजारांचं घर मिळत नाही. पगार 40 लाख झाला की बरोबर उलट. सहकाऱ्याला कुठलं घर मिळालं यावरून आपला अंदाज बांधू नका, आकडा काढा.

उत्पन्न कमी पडत असेल तर यूआरमध्ये तीन वाटा आहेत. अर्जदाराचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या अटीच्या निम्मं तरी असेल, तर सोबत राहणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न धरता येतं का, कंपनीचा घरभत्ता चालतो का, हे विचारा. दुसरी वाट बचतीची: भाड्याच्या 100 पट रक्कम खात्यात दाखवणं. 1 लाख 10 हजारांच्या घराला 1 कोटी 10 लाख येन होतात, त्यामुळे ही वाट फार थोड्यांची. तिसरी, एक ते दहा वर्षांचं भाडं एकरकमी आधी भरणं. तसं केलं तर उत्पन्नाची अट लागत नाही. गावाकडची जमीन विकून आलेले पैसे हाताशी आहेत पण जपानमधली नोकरी नवी आहे, अशा एखाद्याला एक वर्षाचं एकरकमी भाडं परवडू शकतं. तरी सगळी पुंजी त्यात घालू नका, पहिल्या वर्षी जपानमध्ये अनपेक्षित खर्च फार निघतात.

## टप्पा 3: कागदांची फाईल, खोली बघण्याआधी

1. झाइर्यू कार्ड. विमानतळावर मिळणारं निवासाचं कार्ड. मध्यम-दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेले, कायम रहिवासी आणि विशेष कायम रहिवासी यूआरला अर्ज करू शकतात. पर्यटक व्हिसावर आलेल्याला करता येत नाही. मुदत संपत आली असेल तर आधी ती वाढवून घ्या.

2. जूमिनह्यो. वॉर्ड ऑफिसातून मिळणारा रहिवासाचा दाखला. याच दाखल्यावर त्या जोडप्याचं घर दोनदा गेलं. परदेशी माणसाच्या जूमिनह्योवर राष्ट्रीयत्व, निवासाचा प्रकार आणि त्याची मुदत या ओळी आपण मागितल्या तरच छापल्या जातात. अर्जाच्या चिठ्ठीवर त्या चौकटींवर खूण करावी लागते, नाही केली तर दाखला मिळतो पण यूआरच्या उपयोगाचा नसतो. घरातले सगळे सदस्य आणि त्यांचं एकमेकांशी नातं हेही छापून घ्या. माय नंबर मात्र छापून घेऊ नका, तो असलेला दाखला घेत नाहीत. दाखला ताजा असावा, तीन महिन्यांपूर्वीचा चालत नाही.

3. उत्पन्नाचा पुरावा. गेन्सेन-चोशूह्यो, किंवा वॉर्डातून मिळणारा काझेइ-शोमेइशो हा कराचा दाखला. दुसऱ्याबाबत एक खाच लक्षात ठेवा. ज्या वर्षीचा दाखला हवा, त्या वर्षी 1 जानेवारीला तुम्ही जिथे राहत होता त्या ठिकाणचं ऑफिस तो देतं. फेब्रुवारीत योकोहामाहून एदोगावात आलात तर दाखला योकोहामाच देणार. आणि 1 जानेवारीनंतर भारतातून आलात तर त्या वर्षीचा दाखला तुमच्या नावाने निघतच नाही. अशा वेळी, किंवा नोकरी नुकतीच बदलली असेल तर, पगाराचा दाखला कंपनीकडून भरून घ्यावा लागतो. त्याचा नमुना यूआरच्या कार्यालयातून आधीच आणा आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे द्या. जपानी कंपनीत शिक्का बसायला आठवडा सहज जातो.

4. बँक खातं. भाडं खात्यातून आपोआप वळतं होतं. खातं आधी उघडा. जपानी बँकेत नाव कार्डावर जसं आहे तसं, मधल्या नावासकट लागतं, आणि आपली वडिलांच्या नावासह तीन पदरी नावं अर्जाच्या चौकटीत मावत नाहीत. सगळ्या कागदांवर नावाचं काताकाना या जपानी लिपीतलं रूप अक्षरशः एकच ठेवा.

> सावधान: कुटुंब अजून पुण्यात किंवा नागपुरात असेल आणि दोन महिन्यांनी येणार असेल, तर ते अर्ज करतानाच सांगा. घर एकट्याचं की कुटुंबाचं, यावर उत्पन्नाची अट बदलते. 'आत्ता एकट्याचं घेऊ, नंतर बघू' हा मार्ग पुढे अडवतो.

> सावधान: मित्राच्या नावावर घर आणि राहणार तुम्ही, हे करू नका. पोटभाडेकरू ठेवणं हा कराराचा भंग आहे आणि घर दोघांच्याही हातून जातं. मित्रांनी मिळून राहायचं असेल तर काही घरांसाठी यूआरची अधिकृत सोय आहे, ती विचारा.

## टप्पा 4: खोली शोधणं

यूआरची रिकामी घरं संकेतस्थळावर दिसतात आणि रिकामं घर पहिल्या येणाऱ्याला मिळतं. निशी-कसाईसारख्या ठिकाणी चांगली घरं दिसेपर्यंत जातात. संकेतस्थळावर रोज रात्री बघत बसण्यापेक्षा हवी असलेली दोन-तीन वसाहती नक्की करा, त्या भागाच्या यूआर विक्री केंद्राची वेळ बघा आणि कार्यालय उघडताच फोन करा किंवा समोर जाऊन उभे राहा. फोनवर जपानी जमत नसेल तर कोणाला सोबत बसवा.

घराच्या नकाशावर 2 डीके, 3 एलडीके अशी खूण असते. आधीचा आकडा खोल्यांचा, नंतरची अक्षरं स्वयंपाकघर, जेवणाची आणि बसायची जागा. खोलीचं माप तातामीत, म्हणजे जमिनीवरच्या जपानी चटयांच्या संख्येत, दिलेलं असतं, पण जुन्या वसाहतींतल्या तातामी इतर घरांच्या तातामीपेक्षा लहान असतात, साधारण 85 बाय 170 सेंटिमीटर. सहा तातामीची खोली म्हणजे तुमच्या मनातली सहा तातामीची खोली नव्हे. चौरस मीटर बघा.

सवलतींबद्दल स्वतःहून विचारा. 35 वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी काही घरांवर कमी भाड्याच्या योजना असतात. त्यातल्या काही 3 वर्षांच्या ठरावीक मुदतीच्या असतात आणि मुदत संपली की करार तिथेच संपतो. मुलाची शाळा मध्येच बदलावी लागेल का, याचा विचार करून घ्या. आईवडील किंवा विवाहित मुलं जवळ राहत असतील तर त्यासाठीही वेगळी सवलत आहे.

कोणी ओळखीचा माणूस 'यूआरचं घर मिळवून देतो, इतके येन' म्हणत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. यूआरला दलाली नाही, आणि यूआरची घरं दाखवणाऱ्या अधिकृत दुकानांतही ती द्यावी लागत नाही.

तोएईचा अर्ज करणाऱ्यांसाठी: अर्जाची पुस्तिका त्या काळात वॉर्ड ऑफिसात मिळते. एका कुटुंबाने एका वेळी एकच अर्ज करायचा. नवऱ्याने एक आणि बायकोने एक, असे दोन अर्ज टाकले तर दोन्ही बाद होतात. आपल्याकडच्या म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्यांच्या हातून हे हटकून होतं. नंबर लागला तरी त्यानंतर कागदांची तपासणी होते आणि प्रत्यक्ष राहायला जायला महिने जातात. घर मिळाल्यावर पगार वाढत गेला तर भाडंही वाढतं आणि काही वर्षांनी घर सोडायला सांगतात.

## टप्पा 5: घर बघायला जाताना

मोजपट्टी, फोनचा दिवा आणि शक्य असेल तर सकाळची वेळ.

- लिफ्ट तुमच्या मजल्यावर थांबते का? जुन्या काही वसाहतींत ती ठरावीक मजल्यांवरच थांबते. बाळाची गाडी आणि तांदळाची पोती यांचा विचार करा.
- बाथटबमधलं पाणी पुन्हा तापवता येतं का?
- वीज किती अँपिअरची आहे? मायक्रोवेव्ह, एसी आणि मिक्सर एकदम चालले पाहिजेत.
- वॉशिंग मशीनची जागा किती रुंद?
- एसी, दिवे, पडदे, गॅस शेगडी: घरात यातलं बहुतेक काहीच नसतं. खिडक्यांची मापं त्याच दिवशी घ्या.
- स्वयंपाकघराचा पंखा खरंच ओढतो का? फोडणीच्या घरात हा प्रश्न लहान नाही.

मजल्याबद्दल आग्रहाने सांगतो. एदोगावा वॉर्ड अराकावा आणि एदोगावा या नद्यांच्या मध्ये आहे आणि त्याची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. 2019 मध्ये वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर मोठा पूर आला तर 'इथे थांबू नका' असंच लिहिलं होतं. तो नकाशा काढून आपल्या वसाहतीचा रंग बघा. तळमजल्याचं घर थोडं स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही.

आणि तोझाई लाइनने ऑफिसला जाणार असाल तर एकदा सकाळी आठ वाजता निशी-कसाईहून ओतेमाचीपर्यंत जाऊन बघा. कीबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात 2019 मध्ये क्षमतेच्या 199 टक्के गर्दी मोजली होती. नंतर ती कमी झाली, पण मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यालाही रोज ते नको वाटू शकतं. ऑफिस शिंजुकूच्या बाजूला असेल तर तोएई शिंजुकू लाइनवरचं फुनाबोरी किंवा ओजिमा सोयीचं.

## टप्पा 6: अर्ज, पैसे, करार

घर पसंत पडलं की तात्पुरता अर्ज करायचा. त्यानंतर कागद आणून द्यायला साधारण आठवडा मिळतो. तिसऱ्या टप्प्यातली फाईल तयार असेल तर हा आठवडा निवांत जातो.

मग पैसे: 2 महिन्यांच्या भाड्याइतकी शिकीकिन ही अनामत, राहायला जाण्याच्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं भाडं आणि क्योएकिही हा सामायिक देखभालीचा खर्च. 1 लाख 10 हजारांच्या घरासाठी अनामत 2 लाख 20 हजार. खाजगी घरात अनामतीबरोबर रेईकिन, एक महिन्यापर्यंतची दलाली, हमी कंपनीचे पैसे आणि विमा असं सगळं येतं, तेव्हा फरक कळतो.

भाडं करारातल्या तारखेपासून सुरू होतं, किल्ली कधी घेतली यावरून नाही. म्हणून तारीख ठरवताना सामान हलवायची गाडी मिळतेय का ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये ती मिळत नाही किंवा दुप्पट पैसे पडतात.

> सावधान: यूआरकडून मंजुरी येईपर्यंत सध्याचं घर सोडण्याची सूचना देऊ नका. खाजगी घराला ती सहसा महिनाभर आधी द्यावी लागते, त्यामुळे काही दिवस दोन भाडी पडतील. ती पडू द्या, रस्त्यावर येण्यापेक्षा परवडतात.

## टप्पा 7: किल्ली मिळाल्यावर

गॅस. वीज आणि पाणी फोनवर किंवा संकेतस्थळावरून सुरू होतं, पण गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही हजर हवे. वेळ आधी घ्या, नाहीतर पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याने अंघोळ. तोक्योत नळाचा शहर-गॅस 13ए प्रकारचा असतो आणि शेगडी त्याच प्रकारची लागते. मी पहिल्या वर्षी जुनी, सिलेंडरच्या गॅसची शेगडी स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि ती जोडायला आलेल्या माणसाने हातही लावला नाही. त्याचं बरोबर होतं, ते धोक्याचं आहे.

फोटो. सामान आत येण्याआधी भिंती, तातामी, फरशी, नळ, खिडक्या सगळ्यांचे तारखेसह फोटो काढा. घरातले आधीचे दोष लिहून द्यायचा कागद मिळतो, तो बारकाईने भरून वेळेत द्या. पुढे अनामतीतून काय कापायचं याचा वाद झाला तर तोच कागद बोलतो.

पत्ता. राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नवा पत्ता नोंदवा, घरातल्या सगळ्यांची झाइर्यू कार्डं सोबत न्या. दुसऱ्या शहरातून किंवा वॉर्डातून येत असाल तर आधी तिथे स्थलांतराची नोंद करावी लागते. मुलांच्या शाळेचं काम त्याच खेपेत करून घ्या.

कचरा. कुठल्या वारी कुठला कचरा, याचं पत्रक वसाहतीत मिळतं. मोठं सामान टाकायला आधी फोन करून पैसे भरलेला स्टिकर लावावा लागतो. शेजाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

## टप्पा 8: सोडण्याचा विचार आजपासून

यूआरचं घर सोडताना किमान 14 दिवस आधी लेखी कळवायचं. रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत, तुमच्या हातून झालेल्या नुकसानीचे लागतात. आपल्या घरांत ते ठरलेल्या जागी होतं: शेगडीमागच्या भिंतीवर तेल, फरशीवर हळदीचे डाग, देवघराच्या वर काजळी, भिंतीत खिळे. शेगडीमागे पहिल्याच दिवशी तेलरोधक पत्रा लावा, पंख्याची जाळी महिन्यातून एकदा धुवा, समई लाकडी फळीपासून दूर ठेवा, आणि कॅलेंडरसाठी खिळा ठोकण्याऐवजी चिकटणारी कडी वापरा.